कापलेल्या सीटची मोटरसायकल

मी, वय वर्षे त्रेसष्ट, मोटरसायकलींच्या सीट शिवणाऱ्या कारागिराची पत्नी आणि गेली चार वर्षे विधवा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, सिस्टरनी शाळेत शिकवले तसे डावीकडे समास सोडून लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाही, दमलेली आहे. डोके ठिकाणावर आहे आणि हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. आधीचे कुठले मृत्युपत्र नाही, उगाच शोधाशोध करू नये.

कलम १. राहते घर, म्हणजे दुकानावरच्या तीन खोल्या, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्म्या निम्म्या. मोरीचा नळ बंद करताना जरा वर उचलावा लागतो. दोघांना शंभरदा सांगून झाले, आता लेखी देते.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून आधी इस्पितळाचे बिल द्यावे. उरेल ते दोघांचे. फार उरणार नाही. का, ते पाचव्या कलमात येईल.

कलम ३. खालचे दुकान, दोन शिलाई मशीन, फोम कापायच्या सुऱ्या आणि रेक्झिनचे तागे धाकटीचे. ह्यांच्या मागे दुकान तिनेच चालवले. थोरल्याने वाईट वाटून घेऊ नये. तो दुकानात यायचा तो "बाबा, जेवायला चला" एवढे सांगायला, तेही दारातूनच.

कलम ४. जाड चामडे शिवायचे तिसरे मशीन भाऊजींकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी "वहिनी, दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेले. ते त्यांनाच राहू द्यावे. मात्र "वहिनींनी खुशीने दिलं" असे चारचौघांत सांगू नये. खुशीने दिलेले नाही. मागून मागून जीव थकला, म्हणून सोडले.

कलम ५. जिन्याखाली कापडी आवरणात उभी असलेली मोटरसायकल. आठशे नव्वद सीसी, तीन सिलिंडर, एकशे एकोणीस अश्वशक्ती, वजन एकशे नव्वद किलो. अंगावर प्लास्टिकचे कवच नाही. इंजिन, नळ्या, सांगाडा, सगळे उघडे. अशा गाडीला नेकेड म्हणतात हे ह्यांनी मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी म्हटले, "हळू बोला, मुलगी घरात आहे." क्लच न दाबता गिअर बदलतो. मागचे चाक घसरू लागले तर गाडी आपला जोर आपणच आवरते. पाऊस, रस्ता आणि शर्यत असे तीन मोड आहेत. पावसाच्या मोडमध्ये जोर कमी होतो. ह्यांनी ती अकरा महिने चालवली, त्यातले नऊ महिने पावसाच्या मोडमध्ये, कडक उन्हातसुद्धा.

किंमत दुकानाच्या सव्वादोन वर्षांच्या कमाईइतकी. विमा, जॅकेट, हेल्मेट वेगळे. मागचा टायर सात हजार किलोमीटरमध्ये झिजतो. मी एका शब्दाने बोलले नाही. तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांना सीट बसवायच्या आणि 'बघतो जरा' म्हणत गल्लीच्या टोकापर्यंत चालवून परत आणायच्या, एवढीच ह्यांची चैन होती.

शोरूममधल्या विक्रेत्याला मात्र मी अजून माफ केलेले नाही. ह्यांची उंची पाच फूट तीन इंच. तो वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "काका, ही उंच मुलांची गाडी आहे. स्कूटर तिकडे आहेत."

"सीटची उंची किती?" ह्यांनी विचारले.

"आठशे पंचवीस मिलिमीटर."

"त्यातले पन्नास आम्ही काढून घेऊ. बिल करा."

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी कोऱ्या सीटचे कव्हर उसवले आणि फोम कापला. पाय टेकले. धाकटी ह्यांच्याच उंचीची, तीही त्याच सीटवर शिकली. थोरला सहा फुटी. तो बसला की त्याचे गुडघे कोपरांना लागत.

हे गेल्यावर थोरला म्हणाला, "आई, विकून टाकू. पण कापलेली सीट बघून कोण घेईल? कंपनीची नवी बसव." मी ती मागवली आणि धाकटी माल आणायला गेलेली असताना बाहेरच्या मेकॅनिककडून बसवून घेतली. तिला सांगितले नाही. तिने विकू दिली नसती. त्या रविवारी ती गाडी घेऊन निघाली. फाटकाबाहेरच्या उतारावर थांबली, तर पाय जमिनीला पोहोचेना. एकशे नव्वद किलो अंगावर आले. खांद्याजवळचे हाड मोडले.

इस्पितळात मी तिच्यावरच ओरडले, "मी जिवंत आहे तोवर या गाडीला हात लावायचा नाही!" सीटबद्दल गप्प राहिले. तीन वर्षे झाली, तिने हात लावलेला नाही आणि मलाही ती विकवलेली नाही. रोज दुकान उघडताना आवरणावरची धूळ झटकते, तीही लांबूनच, फडक्याने.

तरी माझ्या मृत्यूनंतर ही मोटरसायकल, माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेल्या कापलेल्या सीटसह, धाकटीला मिळावी.

कलम ६. वरील कलम ५ मी रद्द करत आहे.

ते मी काल दुपारी लिहिले. "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द पुन्हा वाचले आणि पेन खाली ठेवले. पोटच्या मुलीला हवी असलेली एक वस्तू मिळायला मी मरायला हवे, अशी अट मीच घातली होती. आणि सीटचे खरे तिला सांगायलाही मी मरणाचीच वाट बघत होते. तशीच जिना उतरून दुकानात गेले. ती फोम कापत होती.

"तू पडलीस ती माझ्यामुळे," मी म्हटले. "सीट मी बदलून घेतली होती."

तिची सुरी थांबली नाही. "आई, मी सीटवाल्याची मुलगी आहे. बसल्याबरोबर कळलं."

"मग उतरली का नाहीस?"

"उतरले असते तर तू गाडी विकायला काढलीयस हे मान्य करावं लागलं असतं. म्हटलं, निभावून नेऊ."

"आणि नंतर तीन वर्षं तोंडातून एक शब्द नाही?"

"तू इस्पितळात किती ओरडत होतीस, आठवतंय? तेव्हाच म्हटलं, हिला माहीत आहे, मला माहीत आहे, विषय संपला." मग म्हणाली, "बाजूला हो जरा, उजेड अडवतेयस."

काल संध्याकाळीच तिने माळ्यावरची कापलेली सीट परत बसवली आणि नवी बॅटरी टाकली. आज सकाळी मालकी बदलण्याच्या अर्जावर आम्ही दोघींनी सह्या केल्या. थोरल्याला फोनवर कळवले आहे. त्याची हरकत नाही. गाडी आता माझी राहिलेली नाही, म्हणून या कागदात तिचा उल्लेख वाटणीसाठी धरू नये. बाकी सर्व कलमे कायम.

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: १७ जून, सकाळी अकरा.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांना यातले काहीही मिळणार नाही:
१. कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)
२. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)

लिहून देणार: (सही)

तळटीप: माझी सही शेवटच्या अक्षराशी हलली आहे. ती माझीच आहे, त्यावरून कोणी शंका काढू नये. तेवढ्यात खाली गाडी सुरू झाली.