मधला खडा

४ जानेवारी, रविवार

हरिप्रियाचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. अड्यारच्या सिग्नलपाशी स्कूटर घसरली. मनगटावर निभावलं, डोक्याला काही नाही. दिवसभर मनात तेवढंच म्हणते आहे — मनगटच ना.

तिला स्वस्थ बसवत नाही. आठवडाभर शोळिंगनल्लूरचं ऑफिस, आणि शनिवारी लोकांच्या घरी वाढदिवसांना मुलांचे चेहरे रंगवायला जाते. ऑफिसचं डाव्या हातानं उरकेन म्हणते. चेहऱ्यांचं काय? दोन वाढदिवस आधीच कबूल केलेत. दोन्हीकडे सगळ्या मुलींना राजकन्याच व्हायचंय.

संध्याकाळी म्हणाली, "आई, दारात कोलमची रांगोळी काढताना तुमची रेघ जराही हलत नाही. तुम्हीच चला."

मी म्हटलं, जमीन खुदुखुदु हसत नाही गं. मुलं हसतात.

"आरसा शेवटी दाखवेन म्हटलं की पुतळ्यासारखी बसतात."

सुनेला नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही. हो म्हणून बसले.

६ जानेवारी, मंगळवार

रंगाच्या डबीतली चिठ्ठी भिंगातून पूर्ण वाचली. यांच्या आजारपणात औषधांच्या चिठ्ठ्या वाचून वाचूनच मी इंग्रजी शिकले. आता छापील कागद न वाचता टाकवत नाही. आधी मनगटावर लावून बघा, डोळ्यांपासून लांब ठेवा. हरिप्रिया म्हणते, आजवर ती चिठ्ठी कुणी उघडलीसुद्धा नसेल.

सराव तिच्या प्लॅस्टरवर केला. गुलाबी स्पंज, त्यावर पांढरे ठिपके, ठिपके जोडले की मुकुट. कोलमच की. शेषाद्री ऑफिसातून आला, बायकोचा हात बघून म्हणाला, "हाडाच्या डॉक्टरला आता मुजरा करावा लागणार."

मुकुटाच्या मधोमध, दोन भुवयांच्या मध्ये, एक लाल खडा काढायचा असतो. तो मी सोडला. हरिप्रियाने लगेच विचारलं, "कोलममध्ये मधला ठिपका आधी देता, मग सगळं त्याच्याभोवती. इथे तोच राहिला?" लाल रंग पातळ आहे, ओघळेल, म्हटलं.

खोटं बोलले. यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुणाच्या कपाळाला बोट लावलेलं नाही. मला कुणी अडवलं असंही नाही. नात्यातल्या एका लग्नात आपणच मागच्या रांगेत जाऊन बसले, मग तिथेच बसायची सवय झाली. प्लॅस्टरवर ठिपका दिला असता तर काय बिघडलं असतं? पण हात गेला नाही. मग जिवंत पोराच्या कपाळावर, तेही वाढदिवसाला, कसा जाईल?

९ जानेवारी, शुक्रवार

सुचलं काहीतरी. उद्या बघू.

१० जानेवारी, शनिवार

जमलं. बारा राजकन्या!

प्रत्येकीचा मुकुट पुरा केला की बारीक ब्रश लाल रंगात बुडवून तिच्या हातात द्यायचा आणि सांगायचं — जा, मधला खडा आईकडून लावून घे, तो आईनंच लावायचा असतो. पोरी धावत सुटतात. आया हातातली ताटली ठेवून गुडघ्यावर बसतात, आपल्या लेकीची हनुवटी धरतात. सगळीकडे फोटो. एकीला हिरवाच खडा हवा होता. दुसरीने हळूच विचारलं, "आजी, राजकन्येचे दात पडलेले चालतात?" चालतात म्हटलं, नवे येईपर्यंत.

परतताना गाडीत हरिप्रिया म्हणाली, "आई, हे सुचलं कसं तुम्हाला? एकजण तर डोळे पुसत होती." मी खिडकीबाहेर बघत राहिले. सुटले, एवढंच मनात. कुणालाही कळलं नाही.

११ जानेवारी, रविवार

मान अवघडली आहे. दुपारी दोन तास गाढ झोपले.

१७ जानेवारी, शनिवार

दुसरा वाढदिवसही पार पडला. आपल्या अड्यारमध्येच. संयुक्ता सहा वर्षांची झाली. मोठी गोड पोर. रंगवताना श्वास धरून बसली होती, शेवटी मीच सांगितलं, श्वास घे बाई, राजकन्या घेतात.

तिची आई ऑफिसच्या फोनवर, गॅलरीत अडकलेली. पोर ब्रश धरून उभी. जवळ तिची आजी होती — अलमेलू मामी. जांभळी रेशमी साडी, केसांत मोगरा, कपाळावर ठसठशीत लाल कुंकवाचा पोट्टू. मी ब्रश त्यांच्या हातात दिला. म्हटलं, मामी, तुम्हीच लावा, तुमच्यासारख्या सुवासिनीचा हात लागू दे.

"मी?" म्हणाल्या. सगळे बघत होते. त्यांनी लावला. खडा जरा वाकडा आला. मी म्हटलं, वयाचं आहे, चालायचंच.

२० जानेवारी, मंगळवार

हरिप्रियाला निरोप आला. संयुक्ताला ताप, अंगावर लाल पुरळ. कपाळावर जास्त. तिच्या आईने विचारलंय, रंग कुठला वापरला.

डबीचा फोटो पाठवला. ती चिठ्ठी पुन्हा तीनदा वाचली. मनगटावर लावून बघा असं लिहिलं होतं. मुलींच्या मनगटांवर मी लावून बघितलं होतं का? दोघीतिघींच्या. संयुक्ताच्या नाही. ती फारच उतावीळ झाली होती.

आणखी एक लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहून काय मिळणार. पहिला विचार मनात आला तो हा — बरं झालं, मधला खडा मी लावला नव्हता. पोर तापाने फणफणलेली, आणि मी आधी माझा हात तपासला.

२१ जानेवारी, बुधवार

ताप तसाच. यांच्या फोटोसमोर बसले.

२२ जानेवारी, गुरुवार

उतरला! तिच्या वर्गातल्या नऊ मुलांना तेच झालंय. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, रंगाचा काही संबंध नाही. तिच्या आईने उलट माफी मागितली. हरिप्रियाने डाव्या हाताने कॉफी केली, निम्मी ओट्यावर सांडली. उरलेली दोघींनी बशीतून वाटून घेतली. इतकी चांगली कॉफी बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी दाराची बेल. अलमेलू मामी. एकट्या. हातात केळ्यांचा घड.

बसल्या, पाणी प्यायल्या. संयुक्ता बरी आहे, डोसा मागते म्हणाल्या. मग केळ्यांकडे बघतच म्हणाल्या, "तुमच्यावर मला फार राग आला होता."

रंगाचं म्हणत असतील वाटलं. पण रंगाचं नव्हतं.

"माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. ही फुलं, हा पोट्टू — मुलीचा हट्ट. ती म्हणते, इथे कोण बघतंय. ठीक आहे, माझ्या कपाळावर मी लावते. पण दुसऱ्याच्या? नऊ वर्षांत कधी नाही. आणि तुम्ही चारचौघांत ब्रश हातात दिलात, वर सुवासिनी म्हणालात. नाही कसं म्हणू? आणि तिसऱ्या दिवशी पोर तापली. दोन दिवस मी देवासमोरून उठले नाही. मुलीला सांगू शकत नव्हते. ती हसली असती."

ज्या भीतीने मी ब्रश सोडला होता, ती भीती मी उचलून या बाईच्या हातात ठेवली होती. चौकशीसुद्धा न करता. साडीचा रंग बघून.

मग सांगितलं सगळं. यांचं, तीन वर्षांचं, मागच्या रांगेचं, बारा आयांचं.

त्या माझ्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही घाबरून मला दिलात, आणि मी घाबरून घेतला."

"हो."

"आणि ताप शाळेतून आला."

"हो."

हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. मलाही आवरेना. हरिप्रिया आतून धावत आली, काय झालं, काय झालं म्हणत. मामी तिला म्हणाल्या, "काही नाही गं. तुझी सासू मला वयाचं आहे म्हणाली होती, त्याचं भांडण चाललंय."

जाताना दारातल्या माझ्या कोलमवर पाय पडू नये म्हणून कडेने वळसा घालून गेल्या. लिफ्टपाशी थांबून म्हणाल्या, "खडा वाकडा झाला होता. पुढच्या वेळी तुम्हीच लावा, माझा डोळा नीट नाही."

२५ जानेवारी, रविवार

हरिप्रियाला सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आई, त्या लग्नात मी तुमच्यासाठी पुढे जागा धरून ठेवली होती."

मला माहीतच नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार

आज आठ राजकन्या. मधला खडा आधी माझ्या हाताने दिला, मग मुकुट.