मनीप्लांटचे आभार

आईस, डलुथहून तुझ्या ओपलचा पापा.

आम्ही मजेत आहोत. तू दिलेला मनीप्लांट स्वयंपाकघराच्या खिडकीत लोंबतोय. खालची पानं पिवळी पडलीत, पण इथली थंडीच तशी आहे. बोट खुपसून बघते, माती कोरडी असली तरच पाणी घालते.

व्हर्ननला मात्र परवा बोलले, "रोप देणाऱ्याचे आभार मानले की रोप मरतं, एवढंही कळत नाही तुला?"

तो हसला. "तुमच्या केंटकीच्या भाकडकथा! सासूबाईंना थँक्यू म्हणालो, शिवी नाही दिली."

बाबांचा खोकला कसा आहे?

पोटातलं बाळ कालपासून जरा गप्प आहे. झोपत असेल, नाही का? आत्ता डॉक्टरांकडेच निघालोय.

तू विणलेलं टोपडं मिळालं. आई, त्याबद्दल मी अवाक्षर काढत नाही. व्हर्ननपासूनही लपवून ठेवलंय.

तुझीच,
ओपल