म्होरकीची घंटा

हिंगोली,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पुष्कर,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व कुशल. हळद शिजवण्याचे दिवस असल्याने संध्याकाळी शिवारावरून येणाऱ्या वाऱ्याला तो ओला, मातकट वास असतो. पुण्यात तुला त्याची आठवण होत असेल. तुझ्या आईंचा काल फोन आला होता. लग्नासाठी वैशाखातली तारीख धरायची का, हे त्यांना १९ तारखेच्या बुधवारपर्यंत माझ्याकडून हवे आहे. मी अजून होकार दिलेला नाही. त्याविषयी लिहीनच; पण आधी, तू बनवलेल्या ‘कळप’ या मोबाइलवरच्या मेंढ्या हाकायच्या खेळावर तू मागितलेला अभिप्राय. फोनवर तू मध्येच हसतोस आणि विषय निसटतो, म्हणून हे पत्र.

एक कोडे तुझ्याही पाहण्यात आले असेल. नळाला पाणी आले नाही, तर माणूस नळाला बोल लावतो, पाइपाला लावतो, प्रसंगी शेजाऱ्याला लावतो. स्वतःला कधीच लावत नाही. तोच माणूस मोबाइलवरच्या खेळात अडकला की निमूटपणे म्हणतो, “मला काही जमत नाही बुवा.” असे का होत असावे?

गेला आठवडाभर मी याचाच शोध घेत होते, आणि खरे सांगते, मला फार मजा आली. भावी शिक्षकांना शिकवता शिकवता मला एक सवय जडली आहे: शिकणाऱ्याच्या मागे उभे राहायचे आणि तोंड बंद ठेवायचे. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात उकंडराव आहेत. पन्नाशी उलटलेली, पण डबा संपला की मोबाइलवर खेळ सुरू. त्यांच्या हाती मी ‘कळप’ दिला. पहिले दोन टप्पे त्यांनी “चल गं बयो, चल” असे मेंढ्यांना चुचकारत पार केले. तिसऱ्या टप्प्यात कयाधू नदी ओलांडायची होती. अर्धी मेंढरे वाहून गेली. पुन्हा खेळले, पुन्हा वाहून गेली.

“म्याडम, हे मेंढरं काहून ऐकून नाही राहिले?”

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

“बराबर हाकून राहिलो ना मी?”

“बराबर.”

“मंग माझंच डोकं गेलं. घरची म्हणते ते खरंच हाय म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारले, तर म्हणाले, “राहू द्या. लेकरांचा खेळ हाय तो. आपलं काम न्हाई.” ग्रंथालयातल्या दिपाताईही त्याच नदीकाठी थांबल्या, आणि त्यांनीही स्वतःलाच दोष दिला.

दोघांची चूक काय? मुक्काम पडला की कळपाच्या पुढे चालणाऱ्या शेळीच्या, म्होरकीच्या, गळ्याला बोट लावायचे असते. मग तिची घंटा बदलते, अधिक जड होते, आवाज शेवटच्या मेंढीपर्यंत पोहोचतो आणि कळप एकवटून चालतो. ही युक्ती सुंदर आहे, पुष्कर! मेंढपाळाचे सारे शहाणपण तू एका घंटेत आणले आहेस. पण तिच्याविषयी खेळात एक शब्द नाही, एक चमक नाही. आणि ती बदलल्यावाचून कयाधू ओलांडता येत नाही.

तुझे उत्तर मला पाठ आहे: “सांगितलं की शोधण्यातली मजा गेली. ज्याला कळायचं त्याला कळतं.” यातले पहिले वाक्य मी गंभीरपणे घेते. बाभळीमागे तू घुबडाचे घरटे लपवले आहेस. ते मला सापडले, तेव्हा मी शिक्षककक्षात चक्क ओरडले. त्या घरट्याबद्दल कुणालाही एक अक्षर सांगू नकोस. ते गुपित आहे. ज्याला सापडत नाही, त्याचे काही बिघडत नाही. घंटा मात्र नियम आहे. ती न सापडणाऱ्याला शिक्षा होते, आणि शिक्षा कशाची, हेही त्याला कळत नाही. गुपिते हवी तितकी लपव. नियम एकदा तरी सांगावा लागतो. दुसऱ्या मुक्कामावर शेकोटीपाशी बसलेला खेळातला तो म्हातारा नुसते एवढेच म्हणाला, “म्होरकीची घंटा हलकी वाजून राहिली रे,” तरी पुरे. पुढचा शोध खेळणाऱ्याचाच राहील.

दुसऱ्या वाक्याविषयी मात्र मला इतके शांतपणे लिहिता येत नाही. ते मी तुझ्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते.

संक्रांतीला मी साखरपुड्यानंतर प्रथमच नरसीला तुमच्या घरी आले. ओसरीवर पाहुणे होते. स्वयंपाकघरात दोन घागरी शेजारी शेजारी, सारख्याच घासलेल्या. आई म्हणाल्या, “अनुश्री, पाण्याचे तांबे भर गं.” मी जवळच्या घागरीत तांब्या बुडवला. ते पाणी सोवळ्यातले, देवाच्या नैवेद्यासाठी होते. काकूंनी घागर रिकामी केली आणि नव्या पाण्याला निघाल्या. आई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “राहू दे. ज्याला कळायचं त्याला कळतं.”

हिंगोलीपर्यंत एसटीत मी एकच वाक्य मनात घोळवत होते: मला काही जमत नाही. उकंडरावांच्या तोंडून ते ऐकले, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला.

तरीही मी त्याला अपघातच समजत होते. गेल्या आठवड्यात तू फोनवर हसत सांगितलेस, “अगं, आईनं मुद्दामच ठेवल्या होत्या दोन्ही शेजारी. नवीन मुलगी आली की बघतातच. काकूच्या वेळी पण केलं होतं.” म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होते.

तुमच्या घरच्या सोवळ्याशी माझे भांडण नाही. आमच्या घरी ते नाही, एवढेच. कुणी एकदा सांगितले असते, तर मी ते आनंदाने शिकले असते. शिकण्याइतके मला दुसरे काही आवडत नाही. पण जिथे नियम न सांगता पारख होते, त्या घरात मला रोजच एखादी कयाधू लागेल, आणि काठावर उभा राहून तू मजा पाहशील, अशी भीती आता मला वाटते.

म्हणून होकाराआधी एक साधी परीक्षा. ती कुणालाही, कोणत्याही नव्या वस्तूवर करून पाहता येते. बुधवारपूर्वी नरसीला जा. आईंच्या हाती ‘कळप’ दे. तुझे दोन्ही हात पाठीमागे ठेव आणि बोलू नकोस. मेंढरे वाहून जाऊ लागली की खेळाकडे नको, त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. नजर पडद्यावरच खिळून राहिली, तर त्या शोधत आहेत. तुझी रचना योग्य, मी हरले. पण नजर वर उचलून त्यांनी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिले, तर समज, शोधणे संपले आहे आणि माणूस सोबत मागत आहे.

त्या दिवशी तांब्या हातात घेऊन मी तुझ्याकडे पाहिले होते. तू दाराला टेकून उभा होतास, हसू दाबत.

आईंनी कुठे पाहिले, ते मला कळव. त्यावर तू काय केलेस, तेही. तारखेचे उत्तर मी त्यानंतर देईन.

अजून तुझ्याकडेच पाहत असलेली,
अनुश्री