अण्णांचा बँक मॅनेजर

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इथली, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरची ती संध्याकाळ माझा पिच्छा सोडत नाही. पंच्याऐंशी साल असेल. तुम्ही माझ्याकडे राहायला आला होतात आणि आमच्या लॅबच्या मंडळींनी लायब्ररीत एक जुना सिनेमा लावला होता. स्वित्झर्लंडचा, काळापांढरा, गावोगाव हिंडणाऱ्या फाटक्या नाटक कंपनीचा. मी तुम्हाला नेलं खरं, पण मनात धाकधूक. बसण्याआधी तुम्ही वाकून जमिनीला हात लावलात आणि कपाळाला टेकवलात, रंगमंचावर जाण्याआधी करायचात तसं. तिथेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्यावरच्या कंपनीच्या खेळाला सातच प्रेक्षक आलेत आणि नट आपसांत भांडताहेत, खेळ करायचा की नाही. हॉलमध्ये सगळे गप्प. तुम्ही मात्र मोठ्यानं म्हणता, "करा रे! सात तर सात!" मी तुमचा कोपर दाबते. "अण्णा, प्लीज, हळू!"

मग कॉफी घेताना माझ्या बॉसनं विचारलं, वडील काय करायचे? तीस वर्षं तुम्ही नाटक कंपनीत तोंडाला रंग लावलात, त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. आणि मी म्हटलं, "बँक मॅनेजर होते. रिटायर्ड." जीभ जरासुद्धा अडखळली नाही हो माझी! तेवढं इंग्रजी तुम्हाला कळत होतं. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. मग कोटाचं बटण लावलंत, पाठ ताठ केलीत आणि म्हणालात, "येस सर, थर्टी इयर्स. व्हेरी स्ट्रिक्ट बँक." सिनेमा आवडला का, असं त्यानं विचारलं, तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुमचं उत्तर, आम्हा बँकवाल्यांना नाटकाला वेळ कुठला! सगळे हसले. मीही हसले, निर्लज्जासारखी.

गाडीत मी वाट बघत होते, आता अण्णा चांगलं फैलावर घेणार. तुम्ही काचेबाहेर बघत एवढंच विचारलंत, "काय गं, मॅनेजर जमला का? की हेडक्लार्क वाटलो?" टोमणा नव्हता तो. प्रयोग संपल्यावर घरी येऊन आईला विचारायचात, तितक्याच मनापासून विचारत होतात. 

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या अंकात मी तुमच्यावर चार ओळी दिल्या. तिथे बॉस नव्हता, कुणी विचारलंही नव्हतं, सगळी आपलीच माणसं. तरी त्यात मी बँकच लिहिली, अण्णा.