हळदीच्या दिवशीचा फोटो

तीर्थरूप मायला हिलालचा पुण्याहून, लांबूनच नमस्कार.

मी बरा आहे. दोन वेळचं जेवण मिळतं, काम बसूनच आहे. एका फोटोंच्या प्रदर्शनात पहारा करतो. फोनवर हे बोलवणार नाही म्हणून लिहितोय. शेजारच्या प्रकाशकडून वाचून घे. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

माय, इथे आपल्या ममताचा फोटो लागलाय. पाणीटंचाईचे फोटो काढायला एक जण गावात आला होता ना, त्यानेच तिच्या हळदीला काढलेला. फोटो काळा-पांढरा आहे, त्यामुळे तोंडावरची हळद चिखलासारखी दिसते. खाली लिहिलं होतं, 'तहान'. लोक थांबून हळहळायचे.

मला राहवलं नाही. प्रदर्शनाच्या साहेबांना म्हणालो, "ही माझी बहीण, हा हळदीचा फोटो आहे."

"मग रडतेय का?"

तू त्या दिवशी म्हणाली होतीस तेच मी सांगितलं, "डोयामा हयद गई व्हई." साहेबांना कळलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "डोळ्यात हळद गेली असेल."

पण रोज आठ तास मी तिच्यासमोर बसतो. पिवळा रंग नाही, तर नुसता चेहराच दिसतो. ती आपल्याला काहीतरी सांगतेय असं वाटतं. की वर्षाच्या आत तिला सासरच्या विहिरीतून काढलं, म्हणून मला आता तसं दिसतं? तुला काय वाटतं?

काल साहेबांनी 'तहान' काढून 'हळद' लिहिलं. आता लोक कौतुकाने बघतात आणि पुढे जातात.

आपणही तसेच गेलो, माय.

तुझा,
हिलाल