मागे बांधलेलं जहाज

प्रिय अश्विन,

मी सुलाबाई. तुझ्या बापाची आई. ओळख दिलेली बरी, कारण दिवाळीला आलास तेव्हा चार्जर विसरलास, पाकीट विसरलास आणि गाडीला किक मारल्यावर तुला आठवलं की म्हातारीच्या पाया पडायचं राहिलं. मग हेल्मेटसकट वाकलास. ते डोकं माझ्या गुडघ्यावर आपटलं, तो गुडघा अजून तुझं नाव घेतो.

बोलणं माझं, अक्षर चैतालीचं. तुझी बहीण म्हणते, आजी, एवढं कशाला, मोबाइलवर बोल, तुझा आवाज पाठवते. मी म्हटलं, आवाज अर्धा ऐकून माणूस मोबाइल खिशात टाकतो, कागद हातात उरतो. तिला बजावलंय, मी बोलते तेच लिही. कॉलेजात गेल्यापासून ती माझी वाक्यं धुऊन वाळत घालते.

इकडची खबर अशी की तुझा बाप रिटायर झाला, हार-शाल झाली, आता महिनाअखेर ओझरची ही क्वार्टर सोडायची आणि सगळं बिऱ्हाड पुण्याला तुझ्याकडे न्यायचं. तुझी आई कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळतेय. बाप खडू घेऊन घरभर फिरतो आणि जे टेम्पोत जायचं त्याच्यावर फुली मारतो. कपाटावर फुली, मिक्सरच्या खोक्यावर फुली, तुझ्या मोडक्या कॅरमवरसुद्धा फुली. माझ्या खाटेवर अजून नाही. खडू संपला असेल.

तुझं कॉमिक पोचलं, पाचवा भाग. चैतालीने वाचून दाखवलं, पण त्याआधी मी चित्रं बघून घेतली होती. चित्रांना शाळा लागत नाही. त्या लोकांची पृथ्वी जळाली, जहाजांचा तांडा अंधारात घर शोधत निघाला, मागून आगीचं वादळ येतंय, हे सगळं मला कळलं. फक्त एवढ्या जहाजांत एक चूल नाही, धुणं वाळत घालायला एक दोरी नाही, हे काय मला पटलं नाही. गोळ्या खाऊन कुणी घर शोधतं का रे? भुकेल्या माणसाला आधी घर आठवतं का भाकरी?

पण सगळ्यात मागे ते जुनं जहाज काढलंस ना, इंजिन खोकणारं, दोराने बांधून ओढत आणलेलं, ते बघून माझा जीव अडकला. त्याच्यापायी तांडा हळू चाललाय, वादळ जवळ येतंय, सगळे ओरडतायत की दोर तोडा. शेवटच्या पानावर तुझ्या कप्तान सृष्टीचा हात दोर तोडायच्या खटक्यावर. आणि खाली लिहिलंस, पुढील भागात. मेल्या, हात तिथे ठेवून तू चहा प्यायला गेलास काय? त्या दिवसापासून मी ते पान रोज उघडून बघते. त्या जहाजाच्या खिडकीत तू एक म्हातारी काढलीस. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. मला अक्षर येत नाही, चष्मा ओळखता येतो.

आता तुझी चूक सांगते. तांडा तू बघितला नाहीस, मी बघितलाय. सायखेड्याला गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, पूर वस्तीत घुसला तेव्हा आम्ही बैलगाड्या जुंपून माळाकडे निघालो होतो. शेजारच्या केरूच्या गाडीचा एक बैल लंगडा, आणि तिच्यात एक बाई, जिला चालवत नव्हतं. लोक म्हणाले, केरू, तू मागून ये. तेव्हा तुझा पणजा गोटीराम आडवा झाला. म्हणाला, लंगड्याची गाडी म्होरं घाला, मागं राहिली तर मागं वळून कुणी बघनार नाय. सगळ्यांनी त्याला शिव्या दिल्या. माझ्या नवऱ्याने, पुंजारामनेही दिल्या. ओढ्यात पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं, बैल बुजून थांबला आणि मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या. पुढे जायला वाटच नव्हती, मग करतात काय? शिव्या देणारेच पाण्यात उतरले आणि केरूच्या चाकांना खांदे लावले. मागे असती ती गाडी, तर हळहळले असते. पुढे होती, म्हणून ढकलली.

चैताली, थांबू नकोस, लिही. डोळे नंतर पूस.

अश्विन, परवा बापाने तुला फोन लावला तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि मी खाटेवर डोळे मिटून होते. डोळे मिटले की कान बंद होत नाहीत. देवळाली कॅम्पच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांचं घर आहे, हवा चांगली, रविवारी नाव घालून येतो, म्हणाला. तुझ्याकडे चौथा मजला, लिफ्ट नाही, तिचे गुडघे, म्हणाला. तू म्हणालास, हो बाबा, तिला तिकडे सोबत मिळेल. तुझ्या बापावर माझा राग नाही, तो दमलाय. पण त्याला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, ती तू सांग. केरूच्या गाडीतली बाई मी होते, आमच्या गाडीत दाण्यांची पोती भरली होती. दिवस भरलेले होते माझे. माळावर पोचलो आणि तुझा बाप जन्मला. लंगड्या बैलाच्या गाडीतून आलेलं पोर आहे ते. हे सांगायला पत्र लिहवलं. चौथा मजला मी बसत बसत चढेन, सकाळी सुरू केलं तर जेवायला पोचेन. तुझा सहावा भाग लोक कधीही वाचोत, सृष्टीचा हात तू रविवारच्या आत खटक्यावरून काढ आणि बापाला फोन कर.

तुझीच,
सुलाआजी
(अंगठा माझाच आहे, काजळाचा)

ता. क. त्या जहाजावर गोळ्या पाठवू नकोस. बाजरीचं पीठ, सुकट आणि लसणाची चटणी पाठव, भाकरी मी थापते. आणि पाठवशील ते सगळ्यात पुढच्या जहाजावर पाठव.