गेटवर ओळख दाखवायची नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
चि. मंगेशचा नोकरीचा पहिला दिवस. ज्या गेटवर मी चार वर्षं गार्ड म्हणून उभा आहे, त्याच गेटातून तो आत. सौ.ने काल गल्लीभर पेढे वाटले. "बाप-लेक एकाच कंपनीत" म्हणून सांगितलं. एक कॉम्प्युटरवर आणि एक दांड्यावर, हे नाही सांगितलं.
मी निघायच्या आधी चि. अंगणात आला. "बाबा, गेटवर ओळख नका दाखवू. लोकं वेगळं समजतात."
"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार. आईला यातलं काही सांगू नका म्हणाला, त्यालाही बरं.
घर ते कंपनी, हुडकेश्वर ते मिहान, सगळा रस्ता डोक्यात तेच. नऊला आला. कार्ड पाहिलं, सलाम ठोकला. तो मोबाइल बघत गेला. जमलं म्हणायचं दोघांनाही.

७ नोव्हें., शुक्र.
मैनाबाईला पकडलं. साफसफाई करते. आम्हा गार्डांच्या आणि सफाईवाल्यांच्या पिशव्या जाताना उघडायच्या, आतल्या स्टाफच्या नाही, असा नियम. तिच्या पिशवीत कचऱ्यातल्या पोळ्या आणि भाजी. "फेकूनच राहिले होते गा भाऊ. घरी लेकरं हायेत."
सगळ्यांसमोर ड्रममध्ये टाकायला लावलं. "भिकारपणाची सवयच तुम्हाले" असंही बोललो. रजिस्टरला नाव. दोन दिवस घरी बसवली.
वर्दी चढली की माझाही आवाज चढतो, खरं आहे. पण नियम तो नियम. भोयर सुपरवायझर "शाब्बास काका" म्हणाले. बरं वाटलं.

१४ नोव्हें., शुक्र.
चि.बरोबर एक मॅडम असतात. आज माझ्यासमोरच कार्ड दाखवता दाखवता त्यांनी विचारलं, तुझे पप्पा टेक्स्टाइलमध्ये आहेत ना? चि. म्हणाला, हो.
खोटं तरी कसं म्हणू. वीस वर्षं हातमाग चालवला. माग मोडला तेव्हा तो दहावीत होता. मीच म्हटलं होतं, तू आता धाग्याला हात लावायचा नाही. नाही लावला.

२५ नोव्हें., मंगळ.
आज घात झाला.
आतून कोणाचा तरी लॅपटॉप गेला. वरून हुकूम, आज सगळ्यांच्या बॅगा उघडा, साहेब असो की कोणी. संध्याकाळी सुटताना स्टाफची मोठी रांग. तोंडं वाकडी. चि.चा नंबर आला, मागे त्या मॅडम आणि चार पोरं. बॅग उघडली. डबा हाताला लागला. जड. सौ. पाचला उठून दोन डबे भरते, एक माझा, एक त्याचा. घरी त्याचा रोज रिकामा येतो. आज भरलेला.
तोंडातून निघून गेलं. "काहून रे बाबू, जेवला नाहीस?"
रांगेत कोणीतरी हसलं. चि. लाल झाला. म्हणाला, "काका, तुमचं काम करा."
केलं. बॅगेची चेन लावून दिली.
कामाचा ताण असेल, म्हणून जेवला नसेल पोरगा. घरी विचारायला हवं होतं, तेवढीही अक्कल नाही मला.

२६ नोव्हें., बुध.
भोयरनी केबिनमध्ये बोलावलं. तक्रार आली. वाचून दाखवली: गार्ड स्टाफशी एकेरीत बोलतो, खाजगी चौकशा करतो, चारचौघांत लाज आणतो.
खाली चि.चं नाव. मंगेश, मग थेट आडनाव. मधलं माझं नाव गाळलेलं.
भोयर म्हणाले, "काका, आडनाव तर एकच आहे. नात्यातला हाय काय?"
"नाही साहेब. आमच्यात हे आडनाव लय हाय."
हे मी बोललो. त्याने नाही, मी.
माफीनामा लिहून सहीनिशी त्याच्या हातात द्यायचा, आणि सोमवारपासून ड्युटी मागच्या गेटवर.

२८ नोव्हें., शुक्र.
दिला. "माननीय सर, माझ्याकडून आगाऊपणा झाला. पुन्हा होणार नाही." भोयर बाजूला उभे. चि.ने दोन बोटांत कागद धरला. "इट्स ओके." लहानपणी याला अक्षर मी गिरवून दिलं होतं. हा कागद त्याच अक्षरातला.
संध्याकाळी जेवताना सौ. पाणी आणायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाला, "लिहावंच लागलं, बाबा. सगळे विचारत होते, तो तुला असा कसा बोलला."
मी म्हटलं, "भाजी घे."
एक कानाखाली द्यावीशी वाटली. सौ. पाणी घेऊन आली.

१ डिसेंबर, सोम.
मागचं गेट. इथून माल आत येतो आणि कचरा बाहेर जातो. सलाम कोणालाच नाही. मैनाबाई मला बघून थांबली. मग पिशवी स्वतःच उघडून पुढे केली, रिकामी. मी मान खाली घातली.

३ डिसें., बुध.
सौ.ने सकाळी कोथिंबिरीच्या सांभारवड्या केल्या, पाच त्याच्या डब्यात भरल्या. चि.ला लहानपणापासून जीव की प्राण. ती वडीची दोन्ही टोकं बोटाने चपटी दाबते, तिच्या आईची पद्धत.
तीन वाजता मैनाबाईने आतून कचऱ्याची बादली आणली. वर सांभारवड्या. पाचच्या पाच. टोकं चपटी.
"कुठल्या ह्या, बाई?" विचारलं.
"ते नवे साहेब हायेत ना, रोजच उलटा करतात डब्बा. मग हाटेलचं मागवून खातात दोस्तांसंगं. त्या दिवशी तुम्ही ड्रमात टाकाले लावलं ना, ते बी त्याह्यचंच." मग जरा भिऊन म्हणाली, "कोण्या तरी माऊलीच्या हाताले चव हाय, भाऊ."
मी रजिस्टर मिटलं. "घेऊन जाय," म्हटलं. पदराखाली झाकून गेली.
घरी पाय ठेवत नाही तोच सौ.चं सुरू. डबा रिकामा आलाय, पाहिला का? वड्या कशा झाल्या, काही म्हणाला का तो? मित्रांना दिल्या का? चि. खाटेवर, कानात वायर घालून. माझ्याकडे बघत होता, मी काय बोलतो ते.
"चव हाय म्हणत होते तुह्या हाताले," म्हटलं.
सौ. खूश. "मग उद्या दहा देईन त्याले."
चि.ने कूस बदलली. तिने आत्ताच सांभार निवडायला घेतला आहे.